ऑक्सिजन + लाल प्रकाश: ही जोडी का?

वेलनेसमधला माझा सर्वांत आवडता विषय!

🔴 लाल प्रकाश: १९६०च्या दशकात बुडापेस्टच्या एन्ड्रे मेस्टर यांना मंद लाल लेझरमुळे उंदरांचे केस लवकर वाढताना दिसले. हा प्रकाश पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे एन्झाइम शोषतं, असं मानतात.

🚴 ऑक्सिजन: ऑक्सिजनचा मास्क लावून सायकल चालवायची. जर्मनीच्या मानफ्रेड फॉन आर्डेन यांनी १९७०च्या दशकात अशी ऑक्सिजन थेरपी मांडली.

🔗 शरीर ऑक्सिजन वापरतं तेही याच एन्झाइमपाशी, म्हणून ही जोडी! एकत्रित परिणामांचे पुरावे मात्र अजून तोकडे आहेत.

⚠️ ऑक्सिजनजवळ आग, सिगारेट अजिबात नको. हृदय किंवा फुफ्फुसांचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. नियमित व्यायामाला पर्याय नाही!