एक प्लेबुक, अनेक सर्व्हर
सर्व्हर हाताने उभा केला, की कोणत्या यंत्रावर नेमकं काय बसवलं हे महिन्याभराने कुणालाच आठवत नाही. मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये आणलेल्या ॲन्सिबल या साधनात सर्व्हर उभारण्याची कामं ‘प्लेबुक’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितात. समोरच्या लिनक्स सर्व्हरवर वेगळा एजंट लागत नाही. एसएसएच आणि पायथन असलं की बहुतेक कामं भागतात.

खरी गंमत लिहिण्याच्या पद्धतीत आहे. समजा, एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर हवा आहे. तर ‘एन्जिनएक्स बसवा’ असा हुकूम न देता ‘एन्जिनएक्स बसवलेलं असावं’ अशी स्थिती सांगायची. मग तीच प्लेबुक कितीदाही चालवा, आधीच जागेवर असलेल्या गोष्टीला हात लागत नाही. (मध्येच थेट शेल कमांड घुसडली, तर ही हमी राहत नाही, नवखे इथेच फसतात.) पासवर्ड मात्र फाइलीत उघडे ठेवू नयेत; ते कूटबद्ध करून ठेवायला ॲन्सिबल व्हॉल्ट आहे.