भाच्याचा फुटबॉल आणि मावशीचा गृहपाठ

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींचं कुणी ना कुणी अमेरिकेत आहे? भाऊ असेल, बहीण असेल, नणंद असेल, पुतण्या असेल. आठवड्यातून एकदा फोन होतो. "जेवलास का? थंडी किती आहे? अभ्यास काय म्हणतो?" एवढं विचारून झालं की तिकडची मुलं "हं", "हो" करतात आणि फोन आईच्या हातात देऊन मोकळी होतात. मग आपण म्हणतो, मुलं परकी झाली हो! मीही तसंच म्हणत होते.

माझी धाकटी बहीण ओहायो राज्यात कोलंबस शहरी असते. तिचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. १ डिसेंबर २०२४ च्या रविवारी सकाळी मी नेहमीसारखा फोन लावला. तिकडे शनिवारची रात्र. बहीण म्हणाली, "ताई, आज तो नाही बोलायचा. दुपारपासून रडतोय."

"का गं? पडला-बिडला का?"

"नाही गं. ओहायो स्टेट मिशिगनकडून हरलं. फुटबॉल."

मला हसूच आलं. "अगं, खेळच ना तो! एवढा घोडा झाला आणि खेळासाठी रडतो?" फोन स्पीकरवर होता, त्याने सगळं ऐकलं. पुढे तीन महिने मावशीचा फोन आला की हा पठ्ठ्या घरात नसायचा!

मी अर्धवेळ का होईना, पण शिक्षिका आहे. ज्या गोष्टीला आपण हसतो ती मूल आपल्याला पुन्हा कधी सांगत नाही, हे पालकसभेत मीच सांगत असते. आणि स्वतःच्या भाच्याशी तेच केलं! मग ठरवलं, हा फुटबॉल आहे तरी काय ते समजून घ्यायचं. वही केली, बहिणीला विचारून विचारून भरली. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातले मोठे सामने तुम्हालाही आधीच ठाऊक असावेत, म्हणून हा लेख.

कॉन्फरन्स म्हणजे भावकी

तिकडची विद्यापीठं गट करून आपसात खेळतात. त्या गटाला 'कॉन्फरन्स' म्हणतात. मी वहीत त्याला सरळ 'भावकी' लिहिलं आणि सगळं डोक्यात शिरलं! 'बिग टेन' ही भावकी १८९६ सालची. नाव दहाचं, पण २०२४ पासून घरात माणसं अठरा. दक्षिणेकडची मोठी भावकी 'एसईसी', तिच्यात सोळा. प्रत्येक संघ हंगामात साधारण बारा सामने खेळतो आणि त्यातले आठ-नऊ भावकीतच. मग डिसेंबरच्या सुरुवातीला भावकीतल्या पहिल्या दोघांत अंतिम सामना. त्यापुढे देशाच्या विजेतेपदाची फेरी. तिच्यात पूर्वी चारच संघ असत, २०२४ साली चाराचे बारा झाले.

खेळ पायाने कमी आणि हाताने जास्त. अकरा-अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू दुसऱ्याकडे. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की 'टचडाऊन', त्याचे ६ गुण. खांबांच्या मधून लाथेने उडवला की ३. घड्याळात खेळ एका तासाचा, पण थांबत थांबत चालतो साडेतीन तास. भरताला फोडणी द्यायची तर वांगं आधी भाजावं लागतं, तसं हे एवढं आधी पाठ करा. पुढचं सोपं आहे.

आठवड्यातले सामने

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे 'थँक्सगिव्हिंग'चा सण. लेकी-सुना, मुलं-नातवंडं घरी येतात, अगदी आपल्या दिवाळीसारखी. त्या गुरुवारपासून शनिवारपर्यंत जुनी वैरं मैदानावर निघतात.

पहिलं मिसिसिपी राज्यातलं. 'ओल मिस' आणि मिसिसिपी स्टेट. १९२६ साली सामन्यानंतर प्रेक्षक खुर्च्या घेऊन एकमेकांच्या अंगावर धावले. ही रग जरा शमावी म्हणून १९२७ पासून जिंकणाऱ्याला सोनेरी चेंडूचा मान देऊ लागले. त्या काळचा चेंडू टोकांना बोथट, दिसायला अंड्यासारखा, म्हणून सामन्याचं नावच 'एग बोल' पडलं. भांडण मात्र शमलं नाही!

दुसरा सामना टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा. ही दोघं १८९४ पासून खेळतात. २०१२ साली ए अँड एमने वेगळी चूल मांडली आणि एसईसीत गेले. झालं, २०११ नंतर सामनाच बंद! थोडीथोडकी नाही, बारा वर्षं. मग २०२४ साली टेक्सासही एसईसीत आलं आणि भावकीच्या नियमाने दोघांना पुन्हा समोरासमोर यावं लागलं. त्या वर्षी टेक्सास १७-७ ने जिंकलं, २०२५ लाही तेच जिंकले. ए अँड एमवाल्यांना हे किती लागलं असेल, तुम्हीच विचार करा.

तिसरा अलाबामा आणि ऑबर्नचा 'आयर्न बोल'. पहिला सामना १८९३ चा. १९०७ नंतर मुक्कामाचा भत्ता किती आणि पंच कुठले, यावरून बोलणं फिसकटलं आणि हे शेजारी एक्केचाळीस वर्षं एकमेकांशी खेळलेच नाहीत! १९४८ साली पुन्हा खेळले तेव्हा अलाबामाने ५५-० ने धुव्वा उडवला. पण सगळ्यांना आठवतो तो २०१३ चा सामना. २८-२८ बरोबरी, उरलेला एकच सेकंद. अलाबामाने लांबून चेंडू मारला, तो तोकडा पडला. ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने मागे उभं राहून तो झेलला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटला. ऑबर्न ३४-२८!

या वैराची दुसरी बाजूही सांगते. ऑबर्न गावाच्या चौकात दोन जुने ओक वृक्ष होते. सामना जिंकला की लोक त्यांच्यावर कागदाच्या पट्ट्या उडवून आनंद करायचे. २०१० चा सामना ऑबर्नने जिंकला, त्यानंतर समोरच्या संघाच्या एका चाहत्याने त्या झाडांना विष घातलं. खूप उपचार केले, पण २०१३ साली झाडं तोडावी लागली. खेळाचं प्रेम कुठे थांबवावं हे मुलांना सांगायचं तर ही गोष्ट सांगावी. "खेळच ना तो" म्हणून हिणवण्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

आमच्या घरचा सामना

आणि आता ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन. शनिवारी दुपारी बारा, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. पहिला सामना १८९७ चा, आणि १९१८ पासून दरवर्षी. फक्त २०२० साली करोनामुळे चुकला. तिकडे त्याला नुसतं 'द गेम' म्हणतात. कोणता ते सांगावं लागत नाही.

मूळ भांडण फुटबॉलच्याही आधीचं. १८३५ साली या दोघांत टोलेडो गावाजवळच्या जमिनीच्या पट्टीवरून जुंपली होती. बांधाचं भांडण! पट्टी ओहायोला गेली आणि मिशिगनला उत्तरेकडचा मोठा जंगली भाग देऊन गप्प केलं. आता हा वाद मैदानावर. मिशिगनच्या मैदानावर १,०७,६०१ माणसं बसतात, कोलंबसच्या मैदानावरही लाखाच्या वर. या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात पाट्यांवरच्या 'एम' या अक्षरावर तांबड्या फुल्या मारतात. भाचा तर शाळेच्या वहीतही एम लिहीत नाही म्हणे. बाईंचा ओरडा खातो!

आता कळलं ना, तो का रडला? २०२१, २२, २३, तीन वर्षं मिशिगन जिंकत होतं. २०२४ साली सामना कोलंबसला घरच्या मैदानावर, आपलाच संघ वरचढ, सगळे म्हणत होते यंदा सूड निघणार. आणि १३-१० ने हरले. सलग चौथी हार. त्यात दुसऱ्या टोकाकडून मावशी हसते!

पुढे गंमत पाहा. तोच हरलेला संघ २० जानेवारी २०२५ ला नोत्र दामला ३४-२३ ने हरवून देशाचा विजेता झाला. मी बहिणीला विचारलं, "आता तरी खूश ना तो?" ती म्हणाली, "खूश आहे, पण म्हणतो मिशिगनला कुठे हरवलं!" भावकीत असंच असतं. जगाने सत्कार केला तरी चुलतभावासमोरची हार सलत राहते.

फोन कधी, आणि काय विचारावं?

सामना चालू असताना मुळीच फोन करू नका. आपल्या रविवारी सकाळी आठ-साडेआठला करा, तिकडे शनिवारची रात्र असते. आधी निकाल बघून ठेवा. संघ हरला असेल तर "पुढच्या वेळी जिंकाल" म्हणू नका, "कुठे चुकलं रे?" असं विचारा. आणि ऐका. सगळं कळलं नाही तरी चालेल.

३० नोव्हेंबर २०२५ च्या सकाळी मी तसंच केलं. ओहायो स्टेट २७-९ ने जिंकलं होतं. मी एवढंच म्हटलं, "काय रे, मिशिगनला शेवटी टचडाऊन करू दिलाच नाही?" पलीकडे क्षणभर शांतता. मग "मावशी, तुला कसं कळलं?" आणि त्यानंतर चाळीस मिनिटं तोच बोलत होता. निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी. शेवटी म्हणाला, "तुझी शाळा कशी चालली आहे?" हा प्रश्न त्याने मला आयुष्यात पहिल्यांदा विचारला हो.

सामन्याचा खाऊ : बकआय

ओहायोत 'बकआय' नावाचं झाड असतं. त्याची तपकिरी बी आणि तिच्यावरचा फिकट ठिपका, त्यावरून संघाचंही नाव पडलं आणि या खाऊचंही.

एक वाटी भाजून सोललेले दाणे मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटा. त्यात पाव वाटी लोणी, चिमूटभर मीठ आणि गोळा वळता येईल इतकी पिठीसाखर घाला. साधारण दीड ते दोन वाट्या लागते. सुपारीएवढ्या गोळ्या करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. गरम पाण्याच्या भांड्यावर चॉकलेट पातळ करा. गोळीला दात कोरायची काडी टोचून चॉकलेटमध्ये बुडवा, पण वरचा रुपयाएवढा भाग कोरा राहू द्या. पुन्हा गार करा.

आमच्याकडे मुलांनी एका बैठकीत फस्त केले. मी फोटो कोलंबसला पाठवला. भाच्याचं उत्तर आलं, "मावशी, वरचा ठिपका मोठा झालाय. पण चालेल."