दीड कोटी टोपल्या

रत्नागिरीत भाट्याच्या खाडीला ओहोटी लागली की बायका खडकांवरची कालवं काढायला उतरत. आत्या त्यांच्याकडून वाटीने कालवं घ्यायची आणि मला बजावायची, "फार धुऊ नको रे, सगळी चव पाण्यात जाईल." कालवांविषयी मिळेल ते वाचायची माझी खोड तिथली. त्या खोडीपायीच १८९१ सालचं 'द ऑयस्टर' हे पुस्तक हाती लागलं आणि मी अमेरिकेतल्या चेसापीकच्या उपसागरात जाऊन पडलो.

लेखक विल्यम कीथ ब्रूक्स. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. पुढे नोबेल मिळवणारा टॉमस हंट मॉर्गन याच्याच हाताखाली शिकला. शिष्याचं नाव शाळेच्या पुस्तकात आलं, गुरूचं कालवांबरोबर गाळात गेलं.

१८७९ साली ब्रूक्स क्रिसफील्ड या बंदरात कालवं फोडत बसला होता. युरोपातले ग्रंथ सांगत की कालवाची पिल्लं आईच्या कल्ल्यांत वाढतात. याला कितीही शिंपा उघडून एक पिल्लू दिसेना. शेवटी त्याने नराचं बीज आणि मादीची अंडी काचेच्या बशीतल्या पाण्यात एकत्र केली, आणि पिल्लं तिथेच, उघड्या पाण्यात, तयार झाली. म्हणजे अमेरिकन कालवाची पैदास माणसाला करता येणार होती. फक्त त्या पिल्लाला बसायला कठीण जागा हवी, आणि सगळ्यात चांगली जागा म्हणजे जुनी शिंपच. इकडे मेरीलँडमध्ये, म्हणजे बाल्टिमोर आणि क्रिसफील्डच्याच राज्यात, ह्याच शिंपा रस्त्यांवर पसरल्या जात होत्या, चुन्याच्या भट्ट्यांत जळत होत्या. बियाण्यासकट वावर विकून खाण्याचा प्रकार.

१८८२ साली राज्याने त्याला कालवांच्या आयोगाचं अध्यक्ष केलं. १८८४चा अहवाल सरळ होता: उपसा असाच चालला तर कालवं संपतील. तळ सगळ्यांचा, म्हणून कुणाचाच नाही. तो खंडाने द्या, लोकांना कालवांची शेती करू द्या. त्याच हंगामात, १८८४-८५ला, मेरीलँडने सुमारे दीड कोटी बुशेल कालवं काढली. बुशेल म्हणजे तिकडची मोठी टोपलीच. एवढा विक्रमी माल धक्क्यावर पडलेला असताना तुटवड्याचं भाकीत ऐकणार कोण?

खंडाला विरोध मात्र केवळ अडाणीपणाचा नव्हता. लांब दांड्यांच्या चिमट्याने कालवं उचलणाऱ्या गरीब कोळ्यांना भीती होती की तळ शहरातल्या शेठजींच्या घशात जाईल. ती खोटी होती असं मला वाटत नाही. किनाऱ्याच्या जिल्ह्यांचं विधिमंडळात लोकसंख्येच्या मानाने जास्त वजन होतं, आणि त्यांनी ते वापरलं. ब्रूक्सला कालव कळलं होतं, कोळी कळला नव्हता. खंडाचा कायदा १९०६ साली झाला, पुढे तो पांगळा करण्यात आला. ब्रूक्स १९०८ साली वारला.

त्याच्या पुस्तकाच्या सुरुवातीचा एक विचार मात्र मला सोडत नाही. डोंगरातून, शेतांतून जो कस पावसाबरोबर वाहून येतो तो माणसाच्या हातून गेला असं समजू नका, असं तो म्हणतो. तो खाडीत सूक्ष्म वनस्पती होतो, त्या कालव खातं आणि कालव आपण. नद्यांतून येणारा हाच कस आज सरकारी कागदात 'प्रदूषण' आहे. रासायनिक खतं आणि सांडपाण्याने तो कितीतरी वाढला, हे खरं. पण तो खाणारेही उरले नाहीत. शेवाळ माजतं, मरून तळाला बसतं, कुजताना प्राणवायू ओढून घेतं. १९८८ साली रॉजर न्यूवेल यांनी हिशेब मांडला: १८७०पूर्वीची कालवं उपसागराएवढं पाणी तीन ते सहा दिवसांत गाळू शकत. तेव्हा उरलेल्यांना त्याला जवळपास वर्ष लागलं असतं. मासेमारीचं खातं एकीकडे, पाण्याचं दुसरीकडे. कालव दोन्हीकडचं, म्हणून बेवारशी. २००३-०४च्या हंगामात मेरीलँडमध्ये जेमतेम २६ हजार बुशेल निघाली.

एकदाच दोन्ही बाजू जुळल्या होत्या. विसाव्या शतकाच्या तोंडावरही बाल्टिमोरला धड गटारं नव्हती. ती बांधायची वेळ आली तेव्हा मैला तसाच उपसागरात सोडायला राज्याने मनाई केली, कारण कालवांच्या व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक तुटण्याची धास्ती होती. म्हणून बॅक रिव्हरवर मैलाशुद्धीकरण केंद्र उभं राहिलं. पाण्याची बाजू मांडायला पैशाच्या लोभाइतका खमका वकील पुन्हा मिळाला नाही.

ते केंद्र अजून चालू आहे. मार्च २०२२मध्ये तिथली यंत्रणा इतकी ढासळली की राज्याला कारभारात हात घालावा लागला. शहराच्या सांडपाण्याचा बोभाटा त्याआधी केला होता तो पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेने. कालवांचे व्यापारी त्यात कुठेच नव्हते.