मॉन्टेरीचा गार उन्हाळा

जुलैत कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरी बंदरातून देवमासे पाहायला निघणारे लोक स्वेटर घालूनच बोटीत चढतात. भर उन्हाळ्यात समुद्र इतका गार कसा? वायव्येचे वारे सुटले की किनाऱ्याजवळचं वरचं पाणी खोल समुद्राकडे लोटलं जातं आणि त्याची जागा खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी घेतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर बोटाच्या पेराएवढे क्रिल, आणि क्रिलच्या मागावर येतो पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, निळा देवमासा.

हंपबॅक देवमासा मात्र जास्त नजरेस पडतो. खोल बुडी मारताना तो शेपूट उंच उचलतो. तिच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी. संशोधक तिच्यावरूनच एकेकाला ओळखतात. तिथे गेलात, तर शेपटीचा स्पष्ट फोटो काढा आणि ‘हॅपीव्हेल’ या संकेतस्थळाकडे जरूर पाठवा.