नऊ आठवड्यांच्या आतील प्रश्न

१६ मार्च २०२१ रोजी राज्यसभेने वैद्यकीय गर्भपात कायद्यातील दुरुस्तीला मंजुरी दिली, तेव्हा चर्चेच्या केंद्रस्थानी होती ती वीस की चोवीस आठवडे ही वरची मर्यादा. विधेयक प्रवर समितीकडे पाठवावे, ही विरोधकांची मागणी फेटाळली गेली. पण देशातील गर्भपातांचे खरे चित्र या मर्यादेच्या कितीतरी अलीकडे आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१५ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांपैकी ८१ टक्के गोळ्यांनी झाले आणि ७३ टक्के रुग्णालयाबाहेर गोळ्या घेऊन.

या गोळ्या सरसकट सारख्या नाहीत. मिफेप्रिस्टोन गर्भधारणा टिकविणाऱ्या प्रोजेस्टेरॉनला अटकाव करते; एक-दोन दिवसांनी घेतलेली मिसोप्रोस्टॉल गर्भाशय आकुंचित करते. पहिल्या नऊ आठवड्यांत ही जोडी शंभरांत पंचाण्णवांहून अधिक जणींच्या बाबतीत यशस्वी ठरते. मूळची पोटातील व्रणावरची मिसोप्रोस्टॉल एकटी वापरल्यास यशाचे प्रमाण ऐंशीच्या आसपास घसरते. मात्रा पुनःपुन्हा घ्याव्या लागतात, वेदना व ताप वाढतो. मेथोट्रेक्सेटचा पर्याय मागे पडला; तो संथ आहे आणि फसला तर गर्भात व्यंग राहण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत लेट्रोझोल व मिसोप्रोस्टॉल ही जोडीही नमूद केली. तरी पहिली पसंती मिफेप्रिस्टोनच्या जोडीलाच आहे.

म्हणजे शास्त्राचा निर्वाळा स्पष्ट आहे. घोळ आहे तो नियमांचा. औषध नियंत्रकांनी डिसेंबर २००८ मध्ये दोन्ही औषधांच्या एकत्रित पाकिटास त्रेसष्ट दिवसांपर्यंत मान्यता दिली. गर्भपात कायद्याखालील २००३ च्या नियमांत मात्र सात आठवडेच राहिले. ही दोन आठवड्यांची विसंगती ऑक्टोबर २०२१ च्या नव्या नियमांनी मिटली, म्हणजे जवळजवळ तेरा वर्षांनी. एकाच आरोग्य मंत्रालयाच्या छत्राखाली हे चालले होते, हे विशेष!

दुसरी अडचण संशयाची. गर्भलिंगनिदानविरोधी मोहिमेचा रोख महाराष्ट्रासह काही राज्यांत या पाकिटांकडे वळला आणि तपासणीच्या धास्तीने अनेक औषधविक्रेत्यांनी ती ठेवणेच सोडले. वास्तविक नऊ आठवड्यांपर्यंत सोनोग्राफीत लिंग कळतच नाही. प्रभावी जोडी दुकानातून नाहीशी झाली, तर स्त्रीच्या हाती उरते ती एकटी मिसोप्रोस्टॉल किंवा त्याहून वाईट काही.

गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत, हा आक्षेप निराधार नव्हे. गर्भ गर्भाशयाबाहेर, नलिकेत असेल तर त्या काम करीत नाहीत आणि उशीर जिवावर बेततो. पण सल्ला द्यायला कोणी जवळपास असावे लागते. २०१४ च्या दुरुस्ती मसुद्यात परिचारिका, दाई-परिचारिका आणि आयुष वैद्यांना ही मुभा प्रस्तावित होती. भारतीय वैद्यक संघटनेने विरोध केला. २०२० मध्ये डॉ. हर्षवर्धन यांनी लोकसभेत विधेयक मांडले, तेव्हा ती तरतूद त्यात नव्हती. गोळ्या देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांपुरताच राहिला.