नेकनूरला विमान ठेवायचे झाले तर

बीडहून मांजरसुंब्यामार्गे केजकडे जाताना नेकनूर लागते. गावावरून फार उंचावर विमाने जातात. त्यांच्यामागे पांढरी रेघ उमटली की शाळेच्या मैदानावरचा खेळ क्षणभर थांबतो. अशाच एका दुपारी सातवीतील एका मुलाने आमच्या शिक्षकमित्राला विचारले, "सर, ट्रॅक्टर विकत मिळतो तसं विमान विकत मिळतं का? आपल्या गावात ठेवता येईल का?"

मित्राने तो प्रश्न आमच्याकडे पाठवला. थोडक्यात उत्तर असे की विमान विकत मिळते आणि नियम पाळून ते ठेवताही येते. मात्र विकत घेणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग. घेतलेले विमान प्रत्येक वेळी उडण्याच्या योग्यतेचे राखायचे म्हणजे काय काय करायचे, हे समजून घेतले तर शाळेतील विज्ञानाचे निम्मे धडे त्यात सापडतात.

ट्रॅक्टरपेक्षा हलके

लहान विमान म्हटले की जगभर पहिले नाव येते ते सेस्ना १७२ या विमानाचे. १९५५ साली ते प्रथम उडाले आणि आजवर त्याची चाळीस हजारांहून अधिक विमाने तयार झाली. त्यात एक इंजिन, समोर एक पंखा आणि चार माणसांची जागा असते. अलीकडच्या नमुन्याचे वजन माणसे, सामान व इंधन धरून जास्तीत जास्त सुमारे ११५७ किलो भरते. शेतातला मध्यम ट्रॅक्टर यापेक्षा जड असतो! इंजिन १८० अश्वशक्तीचे, वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आणि तासाला इंधन लागते सुमारे ३५ लिटर.

या इंजिनाची एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. त्याला चार सिलिंडर असतात, पण स्पार्क प्लग आठ. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. एक मॅग्नेटो बंद पडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालते. मॅग्नेटो स्वतःच वीज निर्माण करत असल्यामुळे बॅटरी उतरली तरी ठिणगी पडत राहते. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो मुद्दाम बंद करून फेरे किती कमी होतात ते पाहतो. ते ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त घटले तर विमान परत जागेवर नेऊन उभे करतो.

मे महिन्यातील हवा

आता धावपट्टीकडे वळू. पंखांना वर उचलणारे बल हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. म्हणजे हवा विरळ झाली तर तेच वजन उचलण्यासाठी वेग वाढवावा लागतो.

नेकनूर बालाघाटाच्या पठारावर आहे. हिशेबापुरती उंची समुद्रसपाटीपासून ६०० मीटर धरू आणि मे महिन्यातील दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअस धरू. उंचीमुळे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ९३ टक्के राहतो. उष्णतेमुळे हवा आणखी प्रसरण पावते. प्रमाण मानलेल्या १५ अंशांच्या हवेशी तुलना केली तर घनता उरते सुमारे ८६ टक्के. दिसायला सगळे तसेच, पण विमानाच्या दृष्टीने नेकनूर त्या दुपारी ६०० मीटरवर नसून जवळजवळ १६५० मीटर उंचीवर असते!

याचा परिणाम तीन ठिकाणी होतो. पंखांना कमी हवा मिळते, त्यामुळे जमीन सोडण्याचा वेग सुमारे ८ टक्क्यांनी वाढवावा लागतो. इंजिनात कमी ऑक्सिजन जातो, त्यामुळे त्याची शक्ती घटते. पंख्याच्या पात्यांनाही मागे ढकलायला कमी हवा मिळते. तिन्ही तुटी एकत्र आल्या की समुद्रसपाटीवर साधारण ३०० मीटर धावून उचलणारे विमान येथे सव्वाचारशे मीटर धावते. पुढे झाडे आणि विजेच्या तारा असतील तर त्यांच्या वरून जायला आणखी अंतर हवे.

म्हणून जाणता वैमानिक मे महिन्यात पहाटे उडतो किंवा एक माणूस कमी नेतो. पट्टी तीच, विमान तेच, पण सकाळी सहाला शक्य असलेले उड्डाण दुपारी दोनला धोक्याचे ठरू शकते. हे त्याला अंदाजाने नव्हे, विमानाच्या पुस्तिकेतील कोष्टक पाहून ठरवायचे असते.

बीड जिल्ह्यात आज विमानतळ नाही. जवळ म्हणजे लातूर व धाराशिव येथील धावपट्ट्या आणि छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ. विमान आपले असले तरी ते वाटेल त्या माळावर उतरवता येत नाही. त्यासाठी परवानगी लागते. तेव्हा नेकनूरच्या मालकाचे विमान बहुधा दुसऱ्या गावीच मुक्कामाला राहील.

पंपावरचे पेट्रोल का चालत नाही?

अशा इंजिनाला एव्हगॅस नावाचे खास पेट्रोल लागते. त्याचा प्रचलित प्रकार निळ्या रंगाचा असतो. रंग दिलेला असतो तो चुकीचे इंधन भरले जाऊ नये म्हणून. मोठ्या जेट विमानांचे इंधन रॉकेलच्या जातीचे असते. ते या इंजिनात गेले तर घात होतो. भारतात एव्हगॅस बराच काळ आयात होत असे. २०२२ साली इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याजवळच्या आपल्या गुजरात रिफायनरीत तयार करायला सुरुवात केली.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि ज्या इंजिनांची रचना त्यासाठी झालेली नाही त्यांच्या रबरी भागांनाही ते बाधते. पाणी हा तर विमानाचा जुना शत्रू. टाकी अर्धी रिकामी ठेवली की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतील बाष्पाचे थेंब होतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते आणि इंजिनाकडे जाणारी नळीही तळाशीच असते! यासाठी दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून पाहतात. खाली पाण्याचा थेंब दिसला तर तो जाईपर्यंत पुन्हा पुन्हा काढतात. वर्गात हे बाटलीत गोडेतेल आणि पाणी घेऊन दाखवता येईल.

उभे राहिले तरी बिघडते

कमी वापरलेली वस्तू जास्त टिकते असे आपण समजतो. विमानाच्या बाबतीत हे खरे नाही. इंजिन आठवडेच्या आठवडे बंद राहिले की धातूच्या भागांवरचा तेलाचा थर उतरतो आणि तेथे गंज धरतो. पुढच्या वेळी इंजिन सुरू होताच तो गंज खरवडला जाऊन तेलात मिसळतो. म्हणूनच इंजिनाचे आयुष्य तासांत आणि वर्षांत असे दोन्ही प्रकारे मोजतात. लायकोमिंग कंपनीच्या या जातीच्या अनेक इंजिनांसाठी २००० तास किंवा १२ वर्षे, यांतील जे आधी येईल तेव्हा इंजिन पूर्ण उघडून नवे करण्याची शिफारस असते. तेल साधारणपणे ५० तासांनी बदलतात, आणि गाळणी कापून तिच्यात धातूचे कण आहेत का ते पाहतात. डॉक्टर रक्त तपासतो तशीच ही तपासणी.

उभ्या विमानावर आणखी एक संकट येते, ते माशीच्या रूपाने. पंखाखाली पिटो नावाची बारीक नळी असते. समोरून येणाऱ्या हवेचा दाब तिच्यातून मोजला जातो आणि त्यावरून वेग कळतो. कुंभारमाशीला मातीचे घर बांधायला अशी नळी फार सोयीची! ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातील पोर्तो प्लाता येथून निघालेले एक मोठे बोइंग विमान समुद्रात कोसळून १८९ माणसे गेली. वैमानिकांना चुकीचा वेग दिसत होता. पिटो नळी बुजली असावी आणि ती बहुधा कीटकांमुळे, असा तपासाचा निष्कर्ष होता. विमान काही दिवस उभे होते आणि नळीवर आच्छादन नव्हते. लाल फीत लावलेले एक लहानसे आच्छादन किती मोलाचे असते ते यावरून कळावे.

सही कोणाची?

मोटार रस्त्यात बंद पडली तर ती कडेला घेता येते. विमानाला कडा नाही. इंजिन बंद पडले तरी ते दगडासारखे पडत नाही. सेस्नासारखे विमान एक किलोमीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. पण उतरायला मोकळे शेत तेवढ्यात सापडले पाहिजे. म्हणून दोष जमिनीवरच शोधायचा, हा विमानाच्या निगेचा पाया आहे.

दोष शोधण्यात अडचण माणसाच्या मनाची असते. मालक स्वतःच वैमानिक असेल, पाहुण्यांना फिरवून आणायचे कबूल केले असेल, आणि इंजिनाचा आवाज किंचित वेगळा येत असेल, तर "चालेल" असे म्हणण्याचा मोह त्यालाच सर्वांत जास्त होणार. कायद्याने हे ओळखले आहे. दुरुस्ती वा ठरावीक तपासणी झाल्यावर विमान उडवण्यास योग्य आहे अशी सही परवानाधारक विमान देखभाल अभियंता करतो. विमानाची, इंजिनाची आणि पंख्याची वेगवेगळी नोंदवही असते. किती तास झाले, कोणता भाग केव्हा बदलला, कोणी तपासला, हे सर्व तीत येते. शिवाय नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए, यांच्या व्यवस्थेखाली उड्डाणयोग्यतेचा आढावा दरवर्षी होतो.

चालवणाऱ्यालाही परवाना लागतो. खासगी वैमानिकासाठी वय किमान १७ वर्षे, शिक्षण दहावी उत्तीर्ण, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचे उड्डाण अशा मुख्य अटी आहेत. खासगी विमानातून भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत.

गच्चीवरचे विमान

या सर्वाचा जिवंत धडा महाराष्ट्रातच आहे. कॅप्टन अमोल यादव या व्यावसायिक वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले. वर्तमानपत्रांतून कौतुक झाले. पण विमान जागेवरच होते.

ते रीतसर नोंदले गेले नोव्हेंबर २०१७ मध्ये. भारतातील प्रत्येक विमानाच्या नोंदणीची सुरुवात 'व्हीटी' या अक्षरांनी होते. या विमानाला व्हीटी-एनएमडी हे नाव मिळाले. उडवून पाहण्याचा परवाना आला २०१९ मध्ये आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याने हवेत झेप घेतली. प्रदर्शन ते उड्डाण यांत चार वर्षे गेली.

ही दिरंगाई अनेकांना खटकली, आणि ते स्वाभाविक होते. घरी बांधलेल्या विमानाची वाट आपल्याकडे मळलेली नव्हती. नियम अधिक स्पष्ट असते तर वेळ वाचला असता. पण बांधणारा आणि उडवणारा एकच असताना त्रयस्थाने ते तपासावे हा आग्रह चुकीचा म्हणता येणार नाही. विमान जमिनीवर पडते तेव्हा ते केवळ मालकाच्या डोक्यावर पडत नाही.

खर्चाचे गणित

शेवटी पैसा. हे गणित पाचवीच्या मुलालाही जमेल. समजा, विम्यासाठी, जागेच्या भाड्यासाठी आणि तपासणीसाठी वर्षाला ८ लाख रुपये लागतात. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. विमान उडो वा न उडो, हा खर्च होणारच. इंधन, तेल आणि पुढे इंजिन नवे करण्यासाठी बाजूला टाकायची रक्कम मिळून तासाला ८ हजार. वर्षात २० तास उडवले तर एका तासाला ४८ हजार रुपये पडतील. तेच २०० तास उडवले तर १२ हजार.

एकट्या माणसाला वर्षाला २०० तास उडवणे कठीण. दहा जणांना प्रत्येकी वीस तास मात्र सहज जमतात. फ्लाइंग क्लब निघाले ते याच हिशेबातून. मुंबईच्या जुहूचा बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ सालचा. जे. आर. डी. टाटांनी तेथेच शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळवला. अनेकांनी मिळून वापरलेले विमान स्वस्त पडते आणि इंजिन गंजतही नाही. मळणी यंत्र भागीत घेणाऱ्या गावाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

तेव्हा नेकनूरच्या त्या विद्यार्थ्याला आमचे सांगणे असे: विमान जरूर घे, पण सुरुवात आजच कर आणि सायकलपासून कर. एक वही घाल. हवा केव्हा भरली, साखळीला तेल केव्हा दिले, ब्रेक कोणी तपासला, ते तारखेनिशी लिही. महिन्यातून एकदा मित्राकडून सायकल तपासून घे आणि वहीत त्याची सही घे. ब्रेक सैल असल्याचे त्याने लिहिले, तर घाट उतरण्याचा बेत कितीही आवडीचा असला तरी त्या दिवशी रद्द कर. हे ज्याला जमले, त्याला विमान राखण्यातली सर्वांत अवघड गोष्ट जमली असे समजायला हरकत नाही.