मक्याचे तेल: कशाच्या बदल्यात?

शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते, करडईच्या बियांत साधारण तीस टक्के, आणि मक्याच्या दाण्यात अवघे चार-पाच टक्के. त्यामुळे मक्याचे तेल कधी गावच्या घाण्यावर निघाले नाही; त्याला कारखानाच लागला, आणि तोही तेलाचा नव्हे, स्टार्चचा. कागद, कापड, औषधे आणि ग्लुकोजसाठी स्टार्च काढताना मका गंधकाच्या वायूचा अंश असलेल्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात आणि जाडाभरडा दळतात. दाण्याच्या टोकाशी असलेला अंकुर तेलामुळे हलका असतो, म्हणून तो बाकीच्या लगद्यातून वेगळा करता येतो. वजनाने तो दाण्याचा साधारण दहावा हिस्सा, पण दाण्यातले बहुतेक तेल त्याच्यातच साठलेले असते. अंकुर वाळवून, दाबून आणि उरलेले तेल हेक्झेन या द्रावकाने ओढून जे हाती येते ते गडद आणि उग्र वासाचे असते. त्यातला चिकटा, आम्ले, रंग, मेण आणि वास काढल्यावर ते फिकट पिवळे, जवळपास बेचव होते. अमेरिकेत १९११मध्ये ‘माझोला’ या नावाने ते घराघरांत पोहोचले, तेव्हा स्टार्च कारखान्यांना आपल्या जोडउत्पादनाला गिऱ्हाईक मिळाले. आज तिथल्या इथेनॉल कारखान्यांतही मळीसारख्या अवशेषातून हे तेल वेगळे काढतात, आणि त्याचे बायोडिझेल होते.

जन्म असा असला म्हणून तेल वाईट ठरत नाही. त्यात निम्म्याहून अधिक लिनोलिक आम्ल, पाव हिश्शाहून थोडे जास्त ओलेइक आम्ल आणि जेमतेम १३ टक्के संपृक्त मेद असतो. ई जीवनसत्त्व असते, आणि आतड्यात कोलेस्टेरॉलचे शोषण रोखणारी वनस्पतिज स्टेरॉल्स नेहमीच्या बहुतेक तेलांपेक्षा जास्त असतात. डब्यावरचे ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हे शब्द मात्र निरर्थक आहेत, कारण कुठल्याच वनस्पती तेलात सांगण्याजोगे कोलेस्टेरॉल नसते. खरा दावा निराळा आहे: तूप, लोणी किंवा वनस्पती तुपाच्या जागी हे तेल आले तर रक्तातले कोलेस्टेरॉल उतरते. हे अनेक प्रयोगांत दिसले आहे आणि ते मान्य केले पाहिजे.

पण कोलेस्टेरॉल उतरले म्हणजे हृदय वाचलेच का? अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९६८ ते १९७३ या काळात नऊ हजारांहून अधिक लोकांवर झालेला प्रयोग हाच प्रश्न विचारत होता. मनोरुग्णालये आणि एका वृद्धाश्रमातील काहींच्या जेवणात संपृक्त मेद कमी करून मक्याचे तेल आणि त्याचेच मार्गारिन दिले गेले. कोलेस्टेरॉल १४ टक्क्यांच्या आसपास घटले. मृत्यू मात्र घटले नाहीत. जुनी कागदपत्रे शोधून २०१६मध्ये फेरमांडणी झाली, तेव्हाही ज्यांचे कोलेस्टेरॉल जास्त उतरले ते अधिक जगले असे आढळले नाही. यावरून काही जण हे तेल विषासमान ठरवतात. तो निष्कर्ष उतावळा आहे. त्या प्रयोगात माणसे सरासरी वर्षभरच राहिली, धमन्यांचा आजार दशकांत घडतो, आणि मार्गारिनमध्ये ट्रान्स मेद असण्याची शक्यता होती. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७मध्ये निवडक दीर्घ प्रयोग एकत्र पाहून संपृक्त मेदाऐवजी लिनोलिक आम्लासारखे बहुअसंपृक्त मेद असलेली तेले घेतल्यास हृदयविकार घटतो, असाच सल्ला दिला. लिनोलिक आम्लाने शरीरात दाह वाढतो हा आक्षेपही माणसांवरच्या नियंत्रित प्रयोगांत टिकलेला नाही. माझ्या मते मिनेसोटाचा पुरावा तेलाविरुद्ध नव्हे, ‘औषधी तेल’ या कल्पनेविरुद्ध जातो. तेलाचा गुण ते कशाच्या बदल्यात येते यावर ठरतो. म्हणूनच ज्या घरात आधीपासून करडईचे तेल आहे, तिथे मक्याचे आणून फारसे काही बदलणार नाही. करडईच्या नेहमीच्या वाणांत लिनोलिक आम्ल याहूनही जास्त असते. आणि मक्याच्या तेलात ओमेगा-३ एखाद्या टक्क्याच्या आसपासच असल्याने ती उणीव जवसाच्या चटणीनेच भरून काढावी लागेल.

स्वयंपाकात मक्याच्या तेलाचा धूरबिंदू सुमारे २३० अंश सेल्सियस असल्याने ते तळणाला उत्तम, असे सांगितले जाते. अर्धे खरे आहे. धूर उशिरा निघतो, पण लिनोलिक आम्ल त्याआधीच, उष्णतेत आणि हवेत, विघटू लागते आणि अल्डिहाइडांसारखी घातक द्रव्ये तयार होतात. एकदाच्या भजी-पुऱ्यांना किंवा फोडणीला हे तेल चालते. त्याच कढईत दिवसेंदिवस तळायला नाही. भारतात खाद्यव्यावसायिकांना तळणाच्या तेलातील, विघटनातून तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के घालून दिलेली आहे. ती मोजण्याचे साधन घरी नसते, म्हणून तेल काळवंडले, दाट झाले किंवा फेसाळू लागले की टाकायचे. डब्याच्या दर्शनी बाजूवर हृदयाचे चित्र छापण्यापेक्षा ही सूचना मोठ्या अक्षरांत छापणे कंपन्यांना बंधनकारक करायला हवे.